ब्रशलेस मोटर आणि ईएससीची जोडी जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीत पहिल्यांदा ब्रशलेस मोटर बसवणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: ‘या मोटरला हा ईएससी चालेल का?’ विचारलेलं असतं दोन वस्तूंबद्दल, पण उत्तर द्यायला पाच वस्तू माहीत असाव्या लागतात. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर), बॅटरी, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा लहान गिअर) आणि टायर. यातली एक बदलली की बाकी चारांचा हिशेब बदलतो. आजवर जे जळालेले ईएससी माझ्या हातात आले, त्यातल्या बऱ्याच जणांची मोटर-ईएससी जोडी कागदावर अगदी ठीक होती. घोळ पिनियनमध्ये नाहीतर टायरमध्ये होता. म्हणून खालची उत्तरं वाचताना आपली गाडी समोर ठेवा आणि स्परचे, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरचे, दात एकदा मोजून घ्या.

आधी मोटर घ्यायची की ईएससी?

आधी गाडीचं वजन आणि बॅटरी किती सेलची वापरणार हे ठरवा. दीड किलोची १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या मापाची) ऑन-रोड गाडी आणि साडेतीन किलोचा मॉन्स्टर ट्रक यांना एकच मोटर लावली, तरी करंट ओढण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बॅटरी ठरली की मोटरचा केव्ही, म्हणजे दर व्होल्टमागचे फेरे, ठरतो, वजनावरून मोटरचा आकार ठरतो आणि या सगळ्यावरून शेवटी ईएससी. म्हणजे ईएससीची पाळी सर्वांत शेवटी येते. बरेच जण नेमका तोच सर्वांत आधी घेतात, आणि मग हाताशी असलेल्या ईएससीला पेलेल अशी मोटर शोधत बसतात.

ब्रशलेस मोटर थेट बॅटरीला जोडली तर?

फिरणार नाही. ब्रश असलेल्या मोटरमध्ये कार्बन ब्रश आणि कम्युटेटर मिळून करंटची दिशा आपोआप बदलत राहतात, म्हणून तिला दोन वायर पुरतात. ब्रशलेस मोटरमध्ये चुंबक (रोटर) फिरतो आणि तारांची वेटोळी जागेवर स्थिर असतात. कुठल्या वेटोळ्याला कधी करंट द्यायचा हे बाहेरून कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ते काम ईएससी करतो. तीन वायर, तीन फेज, आणि रोटर जिथे असेल त्याच्या थोडं पुढे चुंबकीय ओढ निर्माण करत राहायचं. थेट बॅटरी जोडलीत तर मोटर एक झटका देऊन जागच्या जागी अडकेल आणि बघता बघता तापेल. प्रयोग म्हणूनसुद्धा करू नका.

केव्ही म्हणजे नक्की काय? जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद ना?

हा गैरसमज सर्वांत महागात पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केव्ही म्हणजे मोटरवर काहीही भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. ३३०० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टवर रिकामी फिरवली तर साधारण ३६,६०० फेरे. यात ताकदीचा उल्लेख कुठेच नाही. किलोव्होल्टशी तर याचा काहीच संबंध नाही.

ताकदीचा, म्हणजे टॉर्कचा हिशेब केव्हीच्या बरोबर उलटा चालतो. तेवढाच टॉर्क मिळवायला ४००० केव्हीच्या मोटरला २००० केव्हीच्या मोटरपेक्षा दुप्पट करंट लागतो. आता याला बॅटरीची जोड देऊन बघा. ४००० केव्ही २एसवर (दोन सेल एकामागोमाग जोडलेल्या बॅटरीवर), म्हणजे ७.४ व्होल्टवर: २९,६०० फेरे. २००० केव्ही ४एसवर, म्हणजे १४.८ व्होल्टवर: तेही २९,६०० फेरे. गाडी तीच, वेग तोच, पण दुसऱ्या जोडणीत वायरमधून निम्मा करंट वाहतो. वायर, कनेक्टर आणि ईएससीमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तिथली उष्णता जवळपास चौथ्या हिश्श्यावर येते. मोटरच्या आतल्या तांब्यात मात्र फारसा फरक पडत नाही, कारण त्याच आकाराच्या कमी केव्हीच्या मोटरमध्ये वेटोळी जास्त आणि तार बारीक, म्हणजे रोध जास्त.

जड गाड्यांत कमी केव्ही आणि जास्त सेल हे समीकरण रुळलं ते यामुळेच. हलक्या गाडीत २एसवर जास्त केव्ही चालून जातो. जड गाडीत नाही.

मोटरवर ३६५०, ३६७४, ४२६८ असे आकडे असतात. ते कशाचे?

पहिले दोन आकडे मोटरचा व्यास, पुढचे दोन लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ३६५० म्हणजे ३६ मिमी व्यास आणि ५० मिमी लांबी. हाच ५४० आकार, १/१० गाड्यांमधला नेहमीचा. ३६७४ त्याच व्यासाची पण लांब, म्हणून जास्त टॉर्कची. ४२६८, ४२७४ या १/८ गाड्यांच्या मोटरी. काही कंपन्या बाहेरच्या फिन धरून माप देतात, काही धरत नाहीत, त्यामुळे मोटर माउंटमध्ये बसेल का हे पट्टी लावूनच बघा. शाफ्टही तपासा: ५४० आकाराला सहसा ३.१७५ मिमी, मोठ्या मोटरींना ५ मिमी. पिनियनचं भोक त्याच मापाचं हवं. ५ मिमीच्या भोकात ३.१७५ मिमीचा शाफ्ट स्क्रू आवळून बसवायला जाल, तर पिनियन मध्यावर राहत नाही आणि स्परचे दात खाऊन टाकतो.

काही मोटरींवर केव्ही नसतो, १७.५टी किंवा १३.५टी असतं. ते कसं वाचायचं?

तो टर्नचा आकडा, म्हणजे तारेच्या वेढ्यांचा. वेढे कमी तर केव्ही जास्त आणि करंटही जास्त. ५४० आकाराच्या रेसिंग मोटरींमध्ये २१.५टी म्हणजे ढोबळमानाने १८०० केव्हीच्या आसपास आणि १३.५टी म्हणजे ३०००च्या आसपास. एंडबेलवरचं (मोटरच्या मागच्या झाकणावरचं) टायमिंग, म्हणजे वेटोळ्याला करंट किती आधी द्यायचा ते, फिरवलं की हा आकडा सरकतो. ईएससीच्या माहितीपत्रकात ‘२एसवर ८.५टी किंवा त्याहून जास्त’ असं लिहिलेलं असेल, तर अर्थ असा की ८.५पेक्षा कमी टर्नची मोटर लावू नका. ‘जास्त’ या शब्दावर अनेक जण चुकतात. इथे आकडा मोठा म्हणजे मोटर सौम्य.

ईएससी किती अँपचा घ्यावा? मोठा घेतला तर मोटर जळेल का?

नाही जळणार. ईएससी मोटरमध्ये करंट कोंबत नाही, मोटर तिला लागेल तेवढा ओढते. ६० अँपची गरज असलेल्या मोटरला १२० अँपचा ईएससी लावला तर ईएससी थंड राहील, बाकी काही बिघडणार नाही. जागा आणि वजन सोडलं तर मोठ्या ईएससीत तोटा नाही.

उलट बाजू मात्र घातक. ईएससीवर दोन आकडे असतात: सतत पेलण्याचा आणि क्षणभर पेलण्याचा. क्षणभराचा आकडा बघून कधीही खरेदी करू नका. तो काही सेकंदांचाही नसतो. सतत पेलण्याचा आकडासुद्धा पंखा चालू आहे आणि हवा खेळती आहे असं धरून दिलेला असतो. बॉडीखाली, चिखलाने माखलेल्या हीटसिंकसह ती परिस्थिती नसते.

१/१० गाडीला २एसवर, ३६५० आकाराच्या मध्यम केव्हीच्या मोटरला ६० अँप बहुतेक वेळा पुरतो. तीच गाडी ३एसवर न्यायची असेल, किंवा ट्रक असेल, तर मी १२० अँपच्या खाली उतरत नाही. १/८ गाडीला ४एसवर १५० अँपपासून सुरुवात.

अँपइतकीच महत्त्वाची एक ओळ असते, जी फार कमी लोक वाचतात: मोटरची मर्यादा. २एसवर इतका केव्ही, ३एसवर इतका, अशी. सेल वाढवले की परवानगी असलेला केव्ही कमी होतो. बनवणाऱ्याने ती चाचण्या घेऊन लिहिलेली असते. तिला मान द्या.

ईएससीवर २-३एस लिहिलंय. ४एस थोडा वेळ चालवून बघू का?

नको. अँपची मर्यादा ओलांडली तर ईएससी तापतो, बहुतेक वेळा स्वतःला बंद करतो आणि तुम्हाला एक संधी देतो. व्होल्टेजची मर्यादा ओलांडली तर अशी संधी नसते. आतले फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) आणि कपॅसिटर ठरावीक व्होल्टेजचे असतात, आणि पूर्ण चार्ज झालेली ४एस बॅटरी १४.८ नव्हे, १६.८ व्होल्ट देते. बॅटरी लावल्या लावल्या काम तमाम होऊ शकतं. हिशेब नेहमी पूर्ण चार्जचा धरा: दर सेलला ४.२ व्होल्ट.

गाडी किती पळेल आणि पिनियन किती दातांचा लावावा, हे आधीच कसं काढायचं?

याचं गणित सोपं आहे आणि प्रत्येकाने एकदा स्वतःच्या गाडीचं करावं.

समजा मोटर ३३०० केव्ही, बॅटरी ३एस, स्पर ५४ दातांचा, पिनियन १८ दातांचा, डिफरेन्शियलचं अंतर्गत प्रमाण ३ आणि टायरचा व्यास १०० मिमी. ५४ भागिले १८ म्हणजे ३. त्याला ३ने गुणलं की ९. मोटरचे नऊ फेरे झाले की चाकाचा एक. मोटर ३६,६३०, म्हणजे चाक मिनिटाला ४,०७०. टायरचा घेर ०.३१४ मीटर. गुणाकार करून तासाचा हिशेब काढला की ताशी सुमारे ७७ किलोमीटर. प्रत्यक्षात भार, घर्षण आणि बॅटरीचं खाली बसणारं व्होल्टेज यामुळे यापेक्षा बरंच कमी मिळतं. पण तुलनेसाठी आकडा भरवशाचा आहे.

आता पिनियन १४ दातांचा करा. प्रमाण ११.५७ होतं, वेग ६०वर येतो. पण गाडी सुटते झटक्यात, करंट कमी लागतो, मोटर आणि ईएससी दोन्ही थंड.

आणि आता उलट. पिनियन तोच १८ ठेवून टायर १२५ मिमीचे लावा. घेर पाव पट वाढला. मोटरच्या दृष्टीने तुम्ही पिनियन २२-२३ दातांचा लावलात. माझ्याच हातून हे झालंय. ट्रकला मोठे टायर लावले, दिसायला गाडी सुरेख झाली, आणि गवतावर पाच-सहा मिनिटांत ईएससी लाल दिवा लुकलुकवत बंद पडू लागला. मी आधी पंख्याला दोष दिला, मग बॅटरीला. दोन दिवसांनी सहज टायरचा व्यास मोजला तेव्हा प्रकाश पडला. १८ला १.२५ने भागलं की १४.४ येतात. १४ दातांचा पिनियन लावला आणि तोच ईएससी, तीच मोटर पूर्ण बॅटरी संपेपर्यंत चालली. मी तोवर दुसरा, मोठा ईएससी मागवायच्या तयारीत होतो. खर्च शेवटी एका पिनियनचा झाला.

नवीन जोडणी करताना नेहमी लहान पिनियनने सुरुवात करा. तापमान बघा, मग एकेक दात वाढवा. आणि पिनियन बसवताना दोन गिअरमध्ये साध्या कागदाची पट्टी धरा, मोटर दाबून स्क्रू आवळा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांची नागमोडी छाप उमटली आणि ती फाटली नाही, म्हणजे मेश (दातांची एकमेकांतली पकड) बरोबर. फार घट्ट मेशसुद्धा मोटरवर भारच टाकतं.

मोटरच्या फेऱ्यांना काही मर्यादा असते का?

असते. ५४० आकाराच्या मोटरीचे रिकामे फेरे मी ५०,०००च्या आत ठेवतो. त्यापुढे बेअरिंग आणि रोटरवर फार ताण येतो. चुंबक शाफ्टवर चिकटवलेला असतो, तो सुटला तर मोटर संपलीच. ४६०० केव्ही ३एसवर लावली की पूर्ण चार्जला फेऱ्यांचा आकडा ५८,०००च्या जवळ जातो. हे समीकरण करू नका, ईएससी कितीही मोठा असला तरी.

सेन्सर्ड घ्यावी की सेन्सरलेस?

सेन्सरलेस ईएससी रोटर कुठे आहे हे मोकळ्या फेजमध्ये तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखतो. रोटर फिरतच नसेल तर ते व्होल्टेजही नसतं. म्हणून सुरुवातीला ईएससी अंदाजाने ढकलतो. अंदाज चुकला की गाडी अडखळते, ‘टक-टक’ आवाज येतो. यालाच कॉगिंग म्हणतात. सेन्सर्ड मोटरमध्ये हॉल सेन्सर बसवलेले असतात. रोटर जागेवर असतानाही त्याची दिशा ईएससीला कळते, त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलानेही निघते.

दगडांवर चढणारा क्रॉलर असेल तर सेन्सर्डच, यावर मी तडजोड करत नाही. रेसिंगमध्येही वळणातून बाहेर पडताना ट्रिगरवरचा बारीक ताबा सेन्सर्डच देते. चिखल-पाण्यात धडकत जाणाऱ्या बॅशरला मात्र सेन्सरलेस बरी: एक केबल कमी, सेन्सर बोर्डमध्ये पाणी जाण्याची भीती नाही, आणि ट्रिगर अर्धा दाबूनच गाडी सोडायची असेल तर कॉगिंग जाणवतही नाही.

सेन्सर्ड मोटर सेन्सरलेस ईएससीवर चालेल?

चालेल, फक्त सेन्सरलेससारखी. सेन्सरची जागा टेप लावून बंद करा, धूळ जायला नको. सेन्सरलेस मोटर सेन्सर्ड ईएससीवरही चालते, पण तो ईएससी दोन्ही प्रकार स्वीकारतो का हे आधी वाचून घ्या.

तीन वायरी कुठल्याही क्रमाने जोडल्या तर चालतं का? माझी गाडी उलटी पळते.

सेन्सरलेसमध्ये कुठलाही क्रम चालतो. उलटी फिरली तर कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा, दिशा बदलेल.

सेन्सर्डमध्ये असं अजिबात करू नका. मोटरवर ए, बी, सी लिहिलेलं असतं, ईएससीवरही. ए ला ए, बी ला बी, सी ला सी. सेन्सर केबलचा क्रम ठरलेला असतो. फेजची अदलाबदल केलीत तर सेन्सर सांगतो एक आणि वेटोळी ओढतात भलतीकडे. मोटर थरथरते, करंट वेड्यासारखा वाढतो. दिशा बदलायची असेल तर ईएससीच्या सेटिंगमधून बदला. आणि नवीन ईएससीवर ए आणि सीची जागा जुन्याच्या उलट असू शकते. रंगांवर जाऊ नका, अक्षरं वाचा.

गाडी निघताना नुसती थरथरते, पुढे जात नाही. मोटर गेली का?

घाईने मोटर फेकू नका. तीनपैकी एका फेजचा संपर्क तुटला की नेमकं हेच होतं: दोन फेजवर मोटर पुढे-मागे हलते, फिरत नाही. कनेक्टर बघा आधी.

एकदा एक गाडी माझ्याकडे आली, सेन्सरलेस, तक्रार हीच. ईएससी एकदा बदलून झाला होता. मी तिन्ही बुलेट कनेक्टरचं हीटश्रिंक कापलं. दोन ठिकाणी सोल्डर चकचकीत, वायरच्या धाग्यांत मुरलेलं. तिसऱ्या ठिकाणी राखाडी, खरखरीत गोळा, आणि वायर त्या गोळ्यात नुसती टेकलेली. बोटाने ओढली तर सहज निघाली. वायरचं टोक आत काळं पडलं होतं. कोल्ड जॉइंट. कमी वॅटचा बारीक सोल्डरिंग आयर्न एवढ्या जाड वायरला पुरेशी उष्णता देऊ शकत नाही, सोल्डर वरच्यावर गोठतं. मोठ्या टोकाचा, ६० वॅट किंवा जास्तीचा आयर्न, आधी वायरला सोल्डर पाजायचं, मग कपात भरायचं, मग दोन्ही एकत्र वितळू द्यायचं आणि थंड होईपर्यंत हलवायचं नाही. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली.

सेन्सर्ड गाडीत हेच लक्षण दिसलं तर सेन्सर केबल बदलून बघा. ती बारीक असते आणि वाकवून वाकवून आतून तुटते. आणि जर सगळं धड असूनही सेन्सरलेस गाडी कमी वेगात अडखळत असेल, तर पंच (सुटतानाचा जोर ठरवणारं ईएससीचं सेटिंग) कमी करा, पिनियन लहान करा आणि बॅटरी तपासा. दमलेल्या बॅटरीचं व्होल्टेज सुटतानाच कोसळतं आणि कॉगिंग वाढतं.

मोटर आणि ईएससी किती गरम चालतील?

मोटरच्या बाहेरचं तापमान ८० अंशांच्या आत ठेवा. आतलं वेटोळं बाहेरच्या डब्यापेक्षा गरम असतं, हे विसरू नका. १०० अंशांच्या पुढे चुंबकाची शक्ती कायमची घटू लागण्याचा धोका असतो. अशी मोटर नंतर थंड असतानाही जास्त करंट ओढते, जास्त तापते, आणि हे दुष्टचक्र थांबत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर नसेल तर बोट: दोन-तीन सेकंदही टेकवून ठेवता येत नसेल तर थांबा. गाडी थांबल्यावर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, आतली उष्णता बाहेर यायला तेवढा वेळ लागतो.

फक्त मोटर तापतेय आणि ईएससी थंड आहे, तर पिनियन मोठा आहे किंवा टायमिंग जास्त आहे. फक्त ईएससी तापतोय तर तो लहान पडतोय, पंखा बंद आहे, किंवा तुम्ही सतत अर्ध्या ट्रिगरवर चालवताय. अर्ध्या ट्रिगरवर फेट सारखे चालू-बंद होतात आणि ईएससीला पूर्ण ट्रिगरपेक्षा तेच जड जातं.

बॅटरीचा सी आकडा कितपत बघायचा?

क्षमता गुणिले सी म्हणजे बॅटरी देऊ शकेल तो करंट. ५००० एमएएच आणि ३०सी म्हणजे १५० अँप, कागदावर. छापील सी आकडे बरेचदा फुगवलेले असतात, म्हणून गरजेच्या दुप्पट धरा.

कमजोर बॅटरीचा त्रास ईएससीला होतो, हे फारसं कुणी सांगत नाही. ईएससी करंट सारखा तोडतो-जोडतो. बॅटरी तो सहज पुरवू शकली नाही तर व्होल्टेज सारखं खाली-वर होतं आणि ते हेलकावे ईएससीच्या कपॅसिटरना सोसावे लागतात. ते तापतात, फुगतात, आणि मग फेट जातात. बॅटरीकडची वायर वाढवली तरी हाच परिणाम. लांबी वाढवायचीच असेल तर मोटरकडची वाढवा, बॅटरीकडची आखूड ठेवा. बॅटरीकडची वाढवणं भागच असेल तर ईएससीजवळ जास्तीचे, कमी रोधाचे कपॅसिटर लावा.

जुना पांढरा टॅमिया कनेक्टर ब्रशलेसला पुरत नाही. एक्सटी६० किंवा डीन्स, मोठ्या गाडीला एक्सटी९०.

स्टिअरिंग वळवताना पूर्ण गाडी क्षणभर मरते. ईएससी खराब आहे?

बहुधा त्यातला बीईसी अपुरा पडतोय. बीईसी म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजमधून रिसीव्हर आणि सर्व्होसाठी सहा व्होल्टच्या आसपास वीज काढणारा भाग. जोरदार सर्व्हो अडकला की काही अँप ओढतो, रिसीव्हरचं व्होल्टेज पडतं आणि तो रीस्टार्ट होतो. वेगळा बीईसी बसवा. बसवताना ईएससीच्या रिसीव्हर वायरमधली लाल तार काढून तिला टेप लावायला विसरू नका, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतील.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी काय काय करायचं?

गाडी स्टँडवर, चाकं हवेत. शक्य असेल तर पिनियन सैल करून बाजूला. रिमोट आधी चालू, गाडी नंतर. बंद करताना उलट. मग थ्रॉटल कॅलिब्रेशन: मोकळा ट्रिगर, पूर्ण पुढे, पूर्ण ब्रेक, माहितीपत्रकात दिलेल्या क्रमाने. ट्रिम आधी शून्यावर आणा. हे केलं नाही तर गाडी सुटताना आपोआप सरकेल किंवा पूर्ण वेग मिळणारच नाही.

त्यानंतर सर्वांत महत्त्वाचं सेटिंग: बॅटरीचा प्रकार आणि कटऑफ (कुठल्या व्होल्टेजला ईएससीने थांबायचं ते). लिपोला (लिथियम पॉलिमर बॅटरीला) दर सेलला ३.२ व्होल्टच्या आसपास. निकेल बॅटरी वापरत असाल तर निकेलचा पर्याय. चुकून निकेलवर ठेवून लिपो चालवली तर कटऑफ लागत नाही आणि बॅटरी खोलवर रिकामी होऊन कायमची जाते.

पंच सुरुवातीला कमी ठेवा. टायमिंग कारखान्यातून आलंय तसंच राहू द्या. क्रॉलरला ड्रॅग ब्रेक (ट्रिगर सोडल्यावर आपोआप लागणारा) पूर्ण, बाकीच्यांना थोडा किंवा शून्य. रिसीव्हरचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचं ते सेटिंग) ब्रेकवर लावा आणि रिमोट बंद करून तो खरंच लागतो का हे चाकं हवेत असतानाच बघा.

विमानाचा किंवा ड्रोनचा ईएससी पडून आहे. गाडीला लावू?

नको. त्यात सहसा रिव्हर्स आणि गाडीला लागणारा ब्रेक नसतो, आणि तो प्रोपेलरच्या हलक्या सुरुवातीसाठी बनवलेला असतो.

जुना ब्रशवाला ईएससी ब्रशलेस मोटरला चालेल?

नाही. उलट काही ब्रशलेस ईएससी ब्रशवाली मोटर चालवू शकतात, पण माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

वॉटरप्रूफ ईएससी आहे, पाण्यात नेऊ का?

डबक्यातून जायला हरकत नाही. पण मोटरचे बेअरिंग गंजतात. बाहेर आल्यावर ते सुकवून तेलाचा थेंब टाका. खाऱ्या पाण्यात कधीच नको.

कुणाकडून वापरलेली मोटर आणि ईएससी घेतोय. बॅटरी न लावता काय तपासता येईल?

बरंच काही. मोटर सुटी करून शाफ्ट बोटांनी फिरवा. चुंबकाचे हलके खाचखळगे जाणवले पाहिजेत, पण खरखर नको. शाफ्ट आडवा हलवून बघा, खेळ जाणवला तर बेअरिंग गेलेत. ते बदलता येतात, भाव कमी करून मागा. आता तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवून शाफ्ट फिरवा: तो जड झाला पाहिजे. तिन्ही जोड्यांना सारखाच जड. एका जोडीला हलका लागला तर तिथलं वेटोळं तुटलंय. वायरी मोकळ्या असतानाच शाफ्ट जड असेल तर वेटोळी आतून शॉर्ट आहेत.

मग तीच चांगली मोटर ईएससीला जोडा, बॅटरी नाहीच. शाफ्ट पहिल्यासारखा मोकळा फिरला पाहिजे. जड झाला तर ईएससीतला फेट शॉर्ट झालाय, तो घेऊ नका. हीटसिंक बाजूला करून कपॅसिटरची डोकी बघा, ती सपाट हवीत, फुगलेली नकोत. आणि ईएससी नाकाजवळ न्या. जळका वास महिनोन्‌महिने जात नाही.